खिडकीखालची पेठ

पहिल्याच भेटीत त्यांनी मला आ करायला सांगितलं होतं.

बर्मिंगहॅमला येऊन मला आठवडा झाला होता. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची नोकरी होती, अंगात इथल्या सप्टेंबरलाही न पुरणारा नाशिकचा स्वेटर होता आणि राहायला जागा नव्हती. मराठी मंडळातल्या कुणीतरी पत्ता दिला म्हणून खोली बघायला गेले. दार एका उंच, थोड्या वाकलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला नीट न्याहाळलं आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, “आ करा. जीभ बाहेर काढा.”

अनोळखी माणसापुढे जीभ काढायची आमच्याकडे पद्धत नाही. पण परक्या देशात कुठला नियम कुठून निघेल सांगता येत नाही, म्हणून मी काढली. त्यांनी घशात डोकावून पाहिलं, मला मान मागे टाकायला लावली, माझ्या हनुवटीचं दुरूनच बोटांनी माप घेतलं आणि समाधानाने म्हणाले, “नळी सहज जाईल. या आत.”

ते भूल देणारे डॉक्टर होते. सगळा जन्म इथल्या एका हॉस्पिटलात लोकांना झोपवण्यात गेलेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माणूस समोर आला की उद्या याला ऑपरेशनला घेतलं तर घशात नळी कशी जाईल, हा विचार त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचा. मंडळाच्या अध्यक्षांची मान आखूड होती आणि जबडा मागे गेलेला. ते भाषणाला उभे राहिले की काका माझ्या कानाशी पुटपुटायचे, “फार अवघड केस. हा माणूस आजारी पडता कामा नये.” गप्पा मारतानाही त्यांची नजर समोरच्याच्या छातीवर असायची. नव्या बायकांचा आधी भलताच समज व्हायचा, मग कुणीतरी सांगायचं की हे श्वास बघतात. त्यांना सगळे डॉक्टरकाका म्हणत. मी नुसतं काका म्हणायला लागले.

चहा होईपर्यंत त्यांनी मला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणलं आणि वरची मागची खोली दिली. अटी दोन होत्या. एक म्हणजे जकात. बाहेरून मी जे काही खायचं आणीन, त्यातला एक नग दारातच त्यांच्या हातावर ठेवायचा. बिस्किटांचा पुडा आणला तर एक बिस्किट, द्राक्षं आणली तर एक द्राक्ष. एकदा मी नुसती कांद्याची जाळी आणली, तर त्यांनी कांदासुद्धा ठेवून घेतला. दुसरी अट अशी की त्या खोलीतला पलंग आहे तिथून हलवायचा नाही. पलंग खिडकीला इतका लागून होता की हिवाळ्यात काचेचा गारठा थेट उशीवर यायचा. मी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा त्यांनी मला जाड रजई आणून दिली, पलंग मात्र नाही.

कुणी घाईघाईने काही सांगायला लागलं की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, “आधी माल उतरू दे, मग भाव बोलू.” मी ड्युटीवरून चिडून आले की हे ठरलेलं. बसायचं, चहा प्यायचा, मगच रडगाणं. मला वाटायचं हे कुठल्या तरी व्यापारी घराण्यातले असतील. चौकशी केली तर वडील शाळामास्तर. व्यापाराची ही सगळी भाषा आली होती ती मागच्या अंगणातल्या पेठेतून.

पेठ म्हणजे काय ते सांगायला हवं. दिवाळीत आपल्याकडे मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात. काकाही दर दिवाळीला करायचे. पण त्यांचा किल्ला नव्हता, ते एक ग्रीक गाव होतं. आता जिथे स्पेन आहे तिथल्या किनाऱ्यावर ग्रीक व्यापाऱ्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी वसवलेलं. नाव एम्पोरिऑन. त्याचा अर्थ नुसता बाजार, देवघेवीची जागा. “म्हणजे आपली पेठच की,” काका म्हणायचे. तेव्हापासून ते नाव.

सप्टेंबर लागला की ते गुडघ्याला जुनी उशी बांधून अंगणात उतरायचे. इथली माती लालसर आणि चिकट, किल्ल्याला एक नंबर. फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्यांची छपरं, निळ्या ताडपत्रीचा समुद्र, त्यात दगडी धक्का. मासे खारवायची टाकी म्हणून इंजेक्शनच्या बाटल्यांची बुचं. गावाबाहेरच्या शेतांत अळीव पेरायचे. बायकोच्या डब्यातला अळीव संपला तेव्हा ते सुपरमार्केटमधून आणायला लागले, कारण इथे तो छोट्या खोक्यात उगवलेलाच मिळतो, अंड्याच्या सँडविचमध्ये घालतात. बाळंतिणीचा लाडू इंग्रज माणूस पावात घालून खातो, याचं त्यांना शेवटपर्यंत हसू यायचं.

माणसं दोन तऱ्हांची. ग्रीक म्हणजे पुण्याहून सुटकेसमधून आणलेले मातीचे मावळे. त्यांच्या पगड्यांवर पांढरा रंग फासून त्यांना व्यापारी केलेलं. आणि मधल्या भिंतीपलीकडे, तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत, चॅरिटी शॉपमधून आणलेली खेळणी: पोस्टमन, नर्स, फुटबॉलवाला, कुत्रा घेऊन निघालेली म्हातारी. कारण एम्पोरिऑन खरोखरच तसं होतं, असं ते सांगायचे. ग्रीक आले ते आधी किनाऱ्याजवळच्या बेटावर भीतभीत राहिले. मग धीर करून जमिनीवर उतरले, तर शेजारी तिथलेच लोक. भांडायचं कुणालाच नव्हतं. ह्यांना त्यांचं धान्य हवं, त्यांना ह्यांची भांडी आणि तेल हवं. तेव्हा मध्ये भिंत घातली, भिंतीला एकच दार ठेवलं आणि दारावर पहारा. दिवसा व्यवहार, संध्याकाळी दार बंद.

“सोमवार ते शुक्रवार हॉस्पिटल, शनिवारी मंडळ,” काका म्हणायचे. “आपण काही नवीन करत नाही आहोत.”

त्या ग्रीकांचंही चार पैसे मिळवून परत जायचं ठरलं असणार, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः पाच वर्षांसाठी आले होते. पुढे त्या गावातली भिंत निरुपयोगी झाली, दोन्हीकडचे लोक एक झाले, कायदे अर्धे ह्यांचे अर्धे त्यांचे. मग बंदर गाळाने भरलं आणि लोक उठून गेले. हे सांगताना ते दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या देवळावरून हात फिरवायचे. ते वैद्यांच्या देवाचं देऊळ. रोगी तिथे झोपायला जायचे, देव स्वप्नात येऊन औषध सांगायचा. “झोपवून बरं करायचं. आमच्या धंद्याचं मूळ घराणं हे,” असं म्हणून ते देवळाला चक्क नमस्कार करायचे.

विमानाने दोन-अडीच तासांचा रस्ता, पण ते गाव बघायला कधीच गेले नाहीत. मंडळातले लोक विचारायचे, एवढा नाद आहे तर जाऊन का येत नाही. ते म्हणायचे, “तिथे आता कोण आहे?”

या पेठेत एकच गोष्ट कमी होती. बंदरात जहाज नव्हतं. व्यापाऱ्यांचं गाव, दगडी धक्का, धक्क्यावर हमाल ओळीने उभे, आणि पाण्यात काही नाही. माझ्या पहिल्या दिवाळीला मी मदतीच्या हौसेने कागदाच्या दोन होड्या करून नेल्या. काकांनी त्या बघितल्या, छान झाल्या म्हणाले आणि माझ्या हातात परत दिल्या.

“जहाजं तिची,” ते म्हणाले. “ती आली की मांडेल.”

ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लंडनच्या कडेला स्टॅनमोरला राहणारी. वकील होती, रोज गाडीने मध्य लंडनला कामाला जायची. सगळी पेठ सुरू झाली तीच मुळी तिच्यामुळे. ती लहान असताना शाळेत प्राचीन ग्रीस शिकवत होते आणि प्रत्येकाला घरून काहीतरी करून आणायचं होतं. नेमकी दिवाळी तोंडावर आलेली. काकूंनी निकाल दिला की घरात दोन-दोन चिखल नकोत, किल्ला आणि ग्रीस काय ते एकाच मातीत करा. बाकीच्या पोरांनी खोक्यांची देवळं केली. ह्या बापलेकींनी लायब्ररीतून पुस्तक आणून अख्खं बंदर केलं आणि बाईंना घरी बोलावून दाखवलं. तेव्हापासून दर वर्षी गाव बाबांचं, जहाजं मुलीची. काड्यापेट्यांची करायची, शिडाला काकूंच्या ब्लाउजपिसाचे तुकडे. हे काका मला इतक्यांदा सांगायचे की ती जहाजं मी स्वतः पाहिल्यासारखी मला माहीत झाली होती.

काकू गेल्या त्याला मी आले तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. मुलगी तेव्हापासून दिवाळीला त्या घरी आली नव्हती. तसं बोलणं बंद नव्हतं. वाढदिवसाला यायची, फ्रिज भरून जायची, बॉयलर तपासणाऱ्या माणसाला फोन करायची. वागायला अतिशय नीट. पण मागच्या अंगणाचं दार तिने माझ्यादेखत कधी उघडलं नाही. स्वयंपाकघरात उभी राहिली तरी खिडकीकडे पाठ करून. काका तिच्यामागे घुटमळत, यंदा देवळाचं छप्पर कसं केलंय ते सांगायला बघत, आणि ती म्हणे, बाबा, तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या कुठे ठेवल्यात.

दर रविवारी तिचा फोन यायचा. सप्टेंबरपासून काका त्यात एक वाक्य घालायचे, “येतेस का मग दिवाळीला?” पलीकडून काय उत्तर यायचं ते मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळायचं. ती म्हणायची, बघते. आपल्या भाषेत बघते म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काकांना कळत नव्हतं. ते फोन ठेवून मला सांगायचे की बघते म्हणाली, आणि धक्का झाडून स्वच्छ करायला जायचे. मला त्या मुलीचा राग यायचा. सरळ सांगावं, असं मला वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला असं टांगून ठेवू नये.

एका वर्षी मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. परीक्षक म्हणून एक इंजिनियर गृहस्थ आले, सोबत त्यांची दोन नातवंडं. आधी विचारलं, महाराज कुठे आहेत? काका म्हणाले, महाराजांना बंदरांची किंमत सगळ्यांत जास्त कळत होती, ते आले असते तर खूश झाले असते. ते उत्तर गृहस्थांना आवडलं असावं. पण मग त्यांनी अंगणभर फिरून पाहिलं आणि त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. म्हणाले, डॉक्टर, तुमचं प्रमाण साफ चुकलंय. जवळची घरं वीतभर आणि मागची हातभर? रस्ते सगळे तिरके? भिंत एका बाजूला कलंडलीय. धक्का तर वर आभाळाकडे चाललाय.

खरंच होतं. मलाही ते खटकायचं. गाव असं दिसायचं की कुणीतरी एक कोपरा धरून ओढलंय. मला वाटलं काका वाद घालतील, कारण वाद हा त्यांचा आवडता पदार्थ होता. त्यांनी नुसतं, हो, तसं आहे खरं, असं म्हटलं आणि नातवंडांना खारवलेल्या माशांची टाकी दाखवायला घेऊन गेले. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून बिस्किटांचा डबा मिळाला. त्यातली जकात त्यांनी मला दिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मला फ्लू झाला. अंग इतकं मोडून आलं की दोन दिवस मी पाण्यापुरती उठत होते. काका खोलीपाशी यायचे नाहीत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सुपाचा वाडगा ठेवायचे, खालून हाक मारायचे आणि निघून जायचे. भूल देणारा डॉक्टर, आणि आजाऱ्याच्या खोलीच्या दारापर्यंत येत नाही, हे मला जरा विचित्रच वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला आणि मी जागी झाले. एरवी मी तिथे अंधारातच पाठ टेकायचे, गारठ्यासाठी पडदा ओढून; त्या दिवशी तो उघडा राहिला होता. मान उचलायचं त्राण नव्हतं. उशीवर डोकं तसंच ठेवून मी खिडकीकडे कलले, आणि खाली एम्पोरिऑन दिसलं.

सरळ. रस्ते काटकोनात, मागची घरं जवळच्यांएवढीच, भिंत ओळंब्यात. धक्का पाण्यात शिरलेला. देऊळ बरोबर तिथे, जिथे नजर आपण होऊन जाऊन थांबते. एकही घर दुसऱ्याच्या आड नव्हतं. व्यापारी आणि पोस्टमन आणि कुत्रावाली म्हातारी, सगळे चेहरे वर करून माझ्याकडे बघत होते. मी उठून बसले, तर सगळं पुन्हा वाकडं झालं. परत आडवी झाले, तर सरळ.

संध्याकाळी धरत धरत खाली गेले आणि काकांना म्हटलं, “उशीवरून सगळं सरळ दिसतं.”

ते भाजी चिरत होते. सुरी थांबली.

“तिला मान उचलता येत नव्हती ना,” ते म्हणाले. “म्हणून मागची घरं मोठी केली.”

काकू त्याच खोलीत, त्याच पलंगावर वर्षभर आजारी होत्या आणि तिथेच गेल्या, एवढं मला मंडळातून माहीत होतं. त्या वर्षी काकांनी पेठ दिवाळीनंतर मोडलीच नाही. पावसाने पाडली की बांधायची, पुन्हा पाडली की पुन्हा बांधायची. आणि त्या गेल्यावरही दर वर्षी ती त्याच मापाने, त्याच उशीकडे तोंड करून उभी राहत होती. मी वर जाऊन रडले. मला वाटलं की हे त्या मुलीला माहीत नाही. माहीत असतं तर ती आली असती. ही गोष्ट कुणीतरी तिला सांगायला हवी, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, असं मी ठरवून टाकलं.

सांगायची वेळ आली ती मात्र वेगळीच. पुढच्या सप्टेंबरात मी सकाळच्या ड्युटीवरून आले, तर काका अंगणात चिखलात बसलेले होते. उजवा हात मातीत कोपरापर्यंत, तोंड एका बाजूला उतरलेलं. माझ्याकडे बघून काही बोलायचा प्रयत्न करत होते. मी अँब्युलन्सला फोन केला आणि ती येईपर्यंत त्यांना धरून बसले. ते माझ्या छातीकडे बघत होते, माझा श्वास बघत होते.

मुलगी तासाभरात निघाली आणि थेट हॉस्पिटलात आली. काका वाचले, पण उजवी बाजू गेली आणि इंग्रजी पार पुसलं गेलं. मराठी उरलं, तेही तुटक. ती काही दिवस घरी राहिली. बाबांना स्टॅनमोरला न्यायचं आणि घर विकायचं, हे तिने शांतपणे ठरवलं. त्यात गैर काही नव्हतं. एका सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत होतो, ती नेहमीसारखी खिडकीकडे पाठ करून. बाहेर नुसता पाया होता, त्या वर्षीची पेठ उभी राहायची राहून गेली. मी म्हटलं, ताई, एकदा माझ्या खोलीत या आणि त्या पलंगावर आडव्या व्हा. तिथून गाव कसं दिसायचं ते मी तुम्हाला सांगते.

तिने कप खाली ठेवला.

“मला माहितीये,” ती म्हणाली. “शेवटचे मंथ्स मी आईच्या शेजारीच झोपायचे. सगळं परफेक्ट दिसायचं तिथून.”

मी माझाही कप खाली ठेवला.

“बाबा हॉस्पिटलमधून यायचे, दारात उभे राहायचे, बरं वाटतंय का विचारायचे, आणि खाली गार्डनमध्ये. एव्हरी सिंगल डे. अंधार पडेपर्यंत. आई खिडकीतून हात हलवायची त्यांना.” ती सावकाश बोलत होती, शब्द शोधत. “हिज होल लाइफ, ते लोकांच्या डोक्याशी बसले. स्ट्रेंजर्सच्या. एक हात कपाळावर ठेवून. पेशंट्स मला अजून सांगतात, तुझे बाबा होते म्हणून भीती नाही वाटली. आणि आईच्या डोक्याशी नाही बसता आलं त्यांना.”

“त्यांना बघवलं नसेल,” मी म्हटलं.

“आई पण तेच म्हणायची. असू दे गं, तो इथे बसला की त्याला माझा श्वास ऐकू येतो, किती उरलाय ते कळतं त्याला. तिने फर्गिव्ह केलं. त्या दिवाळीला मला म्हणाली, जा, बाबा वाट बघतायत, जहाजं मांड. मी नाही गेले. समवन हॅड टु सिट विथ हर.” तिने पहिल्यांदाच मागे वळून अंगणाकडे पाहिलं. “ते मला दर वर्षी बोलवतात. ही थिंक्स, मी जहाजं मांडली की झालं. मी कशी मांडू?”

इतकी वर्षं जिचा मला राग होता तिचं बरोबर होतं, आणि काकांची पेठही खोटी नव्हती. एका माणसाने बायकोसाठी अख्खं गाव सरळ करून दिलं होतं आणि तेच गाव त्याने तिच्या आणि स्वतःच्या मध्ये भिंतीसारखं घातलं होतं. दोन्ही गोष्टी त्याच मातीच्या होत्या. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता, आणि तिनेही मागितला नाही. तिने दोन्ही कप विसळले आणि आम्ही काकांचे कपडे भरायला घेतले.

काका जानेवारीत गेले. घर विकलं गेलं, मीही दुसरीकडे राहायला गेले. पण त्याआधी, दिवाळीला, मी त्यांना भेटायला स्टॅनमोरला गेले होते, तेवढं सांगून थांबते.

सोबत चिवडा नेला होता. दारातच त्यांची जकात बाजूला काढली आणि मग लक्षात आलं की त्यांना आता पातळ करून भरवावं लागतं. त्यांची खोली खालीच होती, मागच्या बागेकडे काचेची मोठी दारं. पलंग मुद्दाम दाराशी लावलेला, उजेड यावा म्हणून. मुलगी घरून काम करत होती, लॅपटॉप एका बाजूला उघडा. दुपारचे दोन वाजले असतील, बाहेर कोवळं ऊन होतं. काकांनी मला ओळखलं. डाव्या हाताने बोलावलं, आ करायची खूण केली. मी आ केला. त्यांनी मान डोलावली, अजून सहज जाईल म्हणून.

मग ते बराच वेळ बागेकडे बघत होते. कडेला फुलझाडांचा वाफा नुकताच खणलेला होता, काळी ओली माती वर आलेली. त्यांचा श्वास जरा भराभर चालत होता आणि ते तो ऐकत आहेत हे मला दिसत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचा ऐकला, आता स्वतःचा. ते घाबरले होते. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“बाळ,” ते मुलीला म्हणाले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. “माती आहे. जा. बंदर कर. मी बघतो इथून.”

मला वाटलं ती जाईल. मरणाच्या दारातल्या माणसाने एवढंसं मागितलं, त्याला कोण नाही म्हणेल? मी तर उठलेही, तिला मदत करायला. ती मात्र लॅपटॉप बंद करून आली, तिने खुर्ची ओढली आणि पलंगाच्या उशाशी, त्यांच्या डोक्यामागे ठेवली. भूल देणारे बसतात तिथे. तिने एक हात त्यांच्या कपाळावर ठेवला.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “मी बाहेर नाही जाणार. मी इथेच बसते.”

बाग तशीच समोर होती, पण काकांनी डोळे मिटले. हळूहळू श्वास खाली आला. तिचा हात कपाळावर तसाच. मी दाराशी उभी होते, बसावं की निघावं ते कळत नव्हतं. मला वाटलं झोपले. तेवढ्यात, डोळे न उघडता, ते स्पष्ट म्हणाले, “तिलाही हेच हवं होतं.”

“हो, बाबा,” ती म्हणाली, आणि बसून राहिली.